बिनअंघोळीची तारीख

थंडी पडायला लागली की बोकडवालीच्या घरात नवऱ्याच्या आधी त्याचा वास यायचा. गोठ्यात पैदाशीचे तीन बोकड होते आणि हंगामात त्या तिघांना कसलाही धरबंध राहायचा नाही. वरचा ओठ उचलून वारा हुंगायचे, आपल्याच दाढीवर मुतायचे आणि तेच ओलं तोंड घेऊन चारापाणी करणाऱ्या मालकाला लाडाने घासायचे. आसपासच्या गावांतले लोक शेळ्या फळवून घ्यायला याच अंगणात यायचे. येताना हसत यायचे आणि काम झालं की नाक धरून पळायचे.

मालक म्हणजे तिचा नवरा. उंच, दाढीवाला, दोन माणसांचं काम एकटा करणारा आणि बोलायला अगदीच कंजूष. गाव त्याला बोकडवाला म्हणायचं, त्यामुळे ती आपोआप बोकडवाली झाली होती. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा कितीही गर्दी असली तरी रिकामी राहायची. कुणाच्या घरी गेलं की लोक मोठ्या प्रेमाने त्याची खुर्ची बाहेर अंगणात मांडायचे, "मोकळ्या हवेत बसा" म्हणून. त्याला त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते हिला.

तिने काय केलं नव्हतं? लिंबं चोळली, राख लावली, सोडा टाकून पाणी उकळलं. एका वर्षी कुणी सांगितलं म्हणून त्याला टोमॅटोने घासला, तर बोकड त्याला चाटायला लागले. शेवटी तिने हात टेकले. हंगामापुरती त्याची खाट ओट्यावर गेली आणि ती आत सासूजवळ झोपू लागली. सासूचं बरं होतं. आयुष्यभर तपकीर ओढून ओढून म्हातारीचं नाक कामातून गेलं होतं, त्यामुळे घरात लेकाजवळ बसून गप्पा मारणारी ती एकटीच होती.

गेल्या हंगामात मात्र आक्रीत घडलं. फाट्यावरच्या पेंडीच्या गोदामात वजनकाट्यावर एक परगावची मुलगी नुकती कामाला लागली होती. संध्याकाळी वीज गेली आणि अंधारात कुणीतरी मागून येऊन तिच्या तोंडावर हात दाबला, तिला पोत्यांच्या थप्पीमागे ओढलं. ती त्या हाताला कडाडून चावली, लाथा झाडल्या, सुटली. पण सुटेपर्यंत जे झालं ते थोडं नव्हतं. अंगावरचे कपडे फाटले होते आणि त्यानंतर कित्येक दिवस ती घराबाहेर पडली नाही. पळणाऱ्याचं तिला काय दिसलं, तर दारातल्या अर्धवट उजेडात एक उंच पाठ आणि मान वळताना दाढी.

राखणदाराने पोलिसांना सांगितलं, उंच आणि दाढीवाला म्हणाल तर मघाशी बोकडवाला पेंड घेऊन गेला. झालं. पोलीस थेट अंगणात.

आणि त्या वेळी बोकडवालीने जी चूक केली, ती दुसऱ्या कुठल्याही घरातल्या बाईने केली नसती. नवऱ्याला कशासाठी नेताहेत हे नीट कळायच्या आधी तिला एकच लाज वाटली. हा असा घाण वासाचा माणूस चार साहेब लोकांसमोर जाणार! ती हात जोडून म्हणाली, "साहेब, एवढी अंघोळ करू द्या त्यांना. असं कसं न्यायचं?"

हवालदार केव्हाच नाकाला रुमाल लावून फाटकाबाहेर गेला होता. बोकडांच्या अंगणात बोकडांचा वास, असं त्याने धरलं. तो तिथूनच ओरडला, "लवकर आटपा!"

बहिणीने दिलेला एक सुगंधी साबण तिने पेटीत जपून ठेवला होता. तो काढला. नवऱ्याला पाटावर बसवून केसांपासून टाचांपर्यंत असा घासला की साबणाची वडी निम्मी झाली. धुतलेले कपडे घातले, दाढी विंचरली. मग तो पोलिसांच्या गाडीत चढला, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखा सुवासिक.

जामीन मिळून तो परत आला तोवर हंगाम सरला होता. पुढे वर्षभर त्यांच्या अंगणात एकही शेळी आली नाही. पाणवठ्यावर बोकडवाली गेली की बायका घागरी अर्ध्या भरून उठायच्या. तिच्या भावाने ओळखीच्या वकिलाकडे नेलं, तर त्याने खुर्चीही न देता सांगितलं, "असल्या केसेस मी घेत नाही." भाऊ परतताना म्हणाला, "ताई, ते बोकड विकून टाका आणि दुसरीकडे जाऊन राहा." तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. नवरा मात्र रोज पहाटे उठून बोकडांचे खूर साफ करायचा, कोंडा भिजवायचा, आणि अंगणात कुणी येत नाही हे पाहून तेच अंगण पुन्हा झाडायचा. त्याच्या पाठीचा बाक दिवसागणिक वाढत होता. ते तिला बघवत नव्हतं.

मग सरकारकडून वकीलबाई मिळाल्या.

नव्या हंगामाच्या ऐन भरात, भर दुपारी त्या स्कूटरवरून आल्या. ठेंगण्या, आवाज खणखणीत, काळा कोट स्कूटरच्या डिकीत कोंबलेला. फाटक उघडलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. एक शिंक, दुसरी शिंक, मग नाकाला रुमाल.

"अरे देवा, हे काय आहे?"

बोकडवाली मेल्याहून मेली. "बोकड आहेत ताई. तुम्ही ओट्यावर बसा, तिकडे वारा उलटा आहे."

बाई ओट्यावर बसल्या. वारा उलटा असल्यामुळे वास गेला. तेवढ्यात नवरा रिकामं घमेलं घेऊन नमस्कार करायला जवळ आला आणि वास परत आला. बाईंनी रुमाल खाली घेतला. त्याच्याकडे बघितलं, मग लांबच्या गोठ्याकडे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं.

"हा वास तुमचा आहे?"

तो खाली मान घालून म्हणाला, "हो. हंगामात येतो."

"रोज?"

"रोजच."

"मागच्या वर्षी त्या दिवशी गोदामात गेलात, तेव्हा?"

"इथलं काम टाकून तसाच गेलो होतो."

वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. ओट्यावर दोन फेऱ्या मारल्या. बोकडवालीला वाटलं, आता याही जाणार.

"नीट ऐका," बाई म्हणाल्या. "त्या मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलंय, तोंडावर दाबलेल्या हाताला सुगंधी साबणाचा वास होता. पोलिसांनी तुम्हाला चौकीत आणलं, तिला काचेतून दाखवलं. उंच, दाढी. ती घाबरलेली होती, हो म्हणाली. मग साहेबाने तुमचा वास घेतला आणि लिहून ठेवलं की आरोपीच्या अंगालाही साबणाचा वास येतोय. सगळ्यात मोठा पुरावा तोच धरलाय त्यांनी. चाव्याच्या खुणेचं म्हणाल तर, याच्या हातावर शिंगाखुरांचे इतके ओरखडे की त्यातला दाताचा कुठला ते सांगता येत नाही, असं लिहून मोकळे झाले. माझ्या डोक्यात हेच बसत नव्हतं, बोकडांत राबणाऱ्या माणसाला साबणाचा वास कुठून?"

बोकडवालीच्या हातातली पाण्याची कळशी सुटून पायावर पडली. "माझा साबण!" ती किंचाळली. "अहो ताई, मी घातली अंघोळ! पोलीस आल्यावर! मी म्हटलं लोक काय म्हणतील!" आणि ती तिथेच बसून ढसाढसा रडायला लागली. वर्षभर जे बाहेर आलं नव्हतं ते सगळं आलं. नवरा घमेलं घेऊन तसाच उभा राहिला. त्याला तिच्याजवळ बसायचं होतं, पण हंगामात तिच्याजवळ बसायची त्याला सवय नव्हती.

म्हातारी आतून म्हणाली, "काय झालं गं? साबण संपला का?"

वकीलबाईंना हसू आवरेना. मग त्या बोकडवालीजवळ बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "रडू नका. अंघोळ घालून अडकवलंत तेही तुम्हीच आणि आता सोडवणारही तुम्हीच. फक्त माझं ऐकायचं. तारखेला यांना अंघोळ नाही."

"कोर्टात? असेच?"

"असेच. अंगाला काही लावायचं नाही आणि अंगावरचं काही काढायचंही नाही. रोजचं काम, रोजचे कपडे. मला कोर्टात नाटक करायचं नाही, जसं आहे तसं न्यायचंय."

बोकडवालीने डोळे पुसले. वर्षभर एक प्रश्न मनात होता, तो तिने विचारला. "ताई, तुम्हाला वाटतं ना, यांनी नाही केलं?"

"मला काय वाटतं ते कोर्ट विचारत नाही. ज्यांनी केलंय अशांच्याही बाजूने मी उभी राहिलेय. त्यांच्या बाजूनेही कुणीतरी प्रश्न विचारायला लागतातच, नाहीतर नुसतं बोट दाखवलं की माणूस आत. पण आज विचाराल तर, वाटतं. नाक खोटं बोलत नाही माझं."

"आणि ती मुलगी? तिला वाकडंतिकडं विचारणार तुम्ही? माझा भाऊ म्हणतो, वकील लोक बाईचे कपडे काढतात शब्दांनी."

"तुम्हाला तिची काळजी?"

"तिच्यावर आलं ते खरंच आलंय ना? ती काही नाटक करत नाही. तिला रडवून यांना सोडवणार असाल, तर मला नको."

वकीलबाई म्हणाल्या, "तिला एकही वाकडा प्रश्न नाही. तिने सांगितलेलं सगळं खरं आहे, हेच तर मला म्हणायचंय."

तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत बोकडवालीने दम धरला. कोर्टाच्या दिवशी सकाळी मात्र ती सामान बांधत असताना मोरीतून पाण्याचा आवाज आला. धावत गेली तर सासूने पहाटेच चूल पेटवून बंबभर पाणी तापवलेलं, लेक पाटावर बसलेला, आणि म्हातारी तांब्या उचलून म्हणत होती, "माझा लेक कोर्टात पारोसा जाणार होय!" एक तांब्या पाठीवर पडलाही होता. नवरा आईला नाही म्हणू शकत नाही, हे काही तिला नवीन नव्हतं.

"आई, थांबा!" तिने तांब्या हिसकावला. दोघींची झटापट झाली, त्यात बंब कलंडला आणि सगळं गरम पाणी मोरीतून वाहून गेलं. "अहो, उठा! गोठ्यात जा आधी!"

वीस वर्षं ज्या माणसाला ती गोठ्यातून मोरीत ढकलत आली, त्यालाच आज मोरीतून गोठ्यात ढकलत होती. तो ओल्या पाठीने गेला. रोजच्यासारखा शेण ओढायला लागला, कोंडा घातला, खूर बघितले. थोरला बोकड रोजच्यासारखाच मागून आला आणि कपाळ त्याच्या पाठीवर घासू लागला, आधी हळूच, मग चांगलं दाबून. बोकडवाली फाटकाला टेकून बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या बोकडाचं कौतुक वाटलं.

"घास रे राजा," ती पुटपुटली.

नवऱ्याने वळून पाहिलं आणि तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

कोंड्याची पोती नेणाऱ्या टेम्पोत ते मागे बसून गेले. पुढे केबिनमध्ये जागा होती, पण ड्रायव्हरने फक्त तिलाच बोलावलं. ती म्हणाली, "मी यांच्याजवळ बसते." आणि बसली. डोळ्यांतून पाणी आलं ते वासाचं की कशाचं, ते तिचं तिला माहीत.

कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्याभोवती आपोआप मोकळी जागा झाली. खटला दार लावून चालायचा होता, पण वकीलबाईंनी विनंती करून तिला मागच्या बाकावर बसायची परवानगी काढली. खोली लहान. उंचावर एक खिडकी, तीही गंजून बसलेली. न्यायाधीश वयस्कर होते, कोरड्या आवाजाचे. पिंजऱ्यात आरोपी, त्याच्या समोर राखणदार, आणि एका बाजूला लाकडी पडदा. पडद्याआड ती मुलगी आणि तिची आई बसली होती. आरोपीचं तोंड तिला दिसू नये म्हणून ती सोय केली होती.

थोड्या वेळाने कारकुनाने पेन ठेवून खिशात रुमाल शोधला. सरकारी वकिलांनी बूट उलटे करून तळवे पाहिले. न्यायाधीशांनी नाक आक्रसलं आणि शिपायाला म्हणाले, "पंखा लावा."

शिपायाने पंखा लावला आणि तो वास खोलीच्या कानाकोपऱ्यात नेऊन पोचवला. बोकडवालीला जमीन दुभंगावी असं झालं. सवयीने तिचा हात पिशवीत साबण शोधायला गेला.

वकीलबाई शांतपणे उठल्या आणि राखणदाराला म्हणाल्या, "त्या संध्याकाळी आरोपी गोदामात आले, ते तुम्ही पाहिलं?"

"आले होते की."

"तोंड पाहिलं?"

"तोंड कशाला बघायचं बाई? मी खाली मान घालून दोरी वळत होतो. वास आला, म्हटलं बोकडवाला आला. वास गेला, म्हटलं गेला."

कारकून खुदकन हसला. न्यायाधीशांनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्यांच्याही मिश्या हलल्या.

"म्हणजे त्या संध्याकाळी वास होता?"

"आज आहे ना, त्याच्या दुप्पट! डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या."

"आणि ते गेल्यावर गोदामात दुसरं कुणी आलं होतं?"

राखणदाराने डोकं खाजवलं. "वीज गेल्यावर मी कंदील आणायला घरी गेलो होतो. तेव्हाचं मला काय माहीत?"

मग मुलीची पाळी आली. पडद्याआडून तिचा आवाज आला, बारीक पण ठाम. सरकारी वकिलांनी विचारलं ते तिने सांगितलं. अंधार, पोती, तोंडावरचा हात. सांगता सांगता ती थांबली. बोकडवालीने पापण्या मिटून घेतल्या. त्या मुलीचं ऐकताना या घटकेला आपण कुणाच्या बाजूच्या, हेही तिला उमजेना.

"पाणी हवंय का?" न्यायाधीशांनी मऊ आवाजात विचारलं.

"नको." मग जरा वेळाने, "साहेब, एक विचारू? हा वास कसला येतोय?"

पंखा तेवढा कुरकुरत होता. न्यायाधीश म्हणाले, "आरोपी बोकड पाळतात. त्यांच्या अंगाचा आहे."

"नेहमी असतो?"

वकीलबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. राखणदारच दाराजवळून बोलून गेला, "हंगामात असतोच बाळ. त्या दिवशीही होता."

पडद्याआड पुटपुट झाली. आई काहीतरी म्हणत होती, मुलगी नाही म्हणत होती. मग खुर्ची सरकली आणि मुलगी पडद्याबाहेर आली. सडपातळ, केस घट्ट बांधलेले. ती पिंजऱ्याकडे दोन पावलं गेली, थांबली, आणि श्वास आत घेतला. बोकडवालीच्या नवऱ्याने मान खाली घातली आणि आपले हात पाठीमागे नेले, तिला भीती वाटू नये म्हणून.

"हे नव्हते," मुलगी म्हणाली. "साहेब, तो हात माझ्या नाकावर होता. मी त्याला चावले होते. त्या हाताला नुसता साबण होता. मला काचेतून दाढी दिसली, मी हो म्हटलं. मला वास कुणी घेऊ दिला नाही." ती न्यायाधीशांकडे वळली. "हे नव्हते. मग तो कोण होता? तो कुठे आहे?"

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "आरोपीच्या वकिलांना काही विचारायचंय?"

"नाही साहेब," वकीलबाई म्हणाल्या. "त्यांनी माझ्यापेक्षा चांगला प्रश्न विचारलाय."

पुढच्या तारखेला बोकडवाला निर्दोष सुटला. त्या मुलीच्या प्रकरणाचा तपास पुन्हा नव्याने करायचा, असंही न्यायाधीशांनी ठणकावून सांगितलं. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी दोघांकडे बघून नाक धरलं आणि खदाखदा हसल्या. "आता धुवा त्यांना! माझी परवानगी आहे!"

घरी पोचताच बोकडवालीने बंब पेटवला. त्या साबणाची उरलेली अर्धी वडी काढली. बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती. बायका फाटकापर्यंत येत होत्या, वीतभर आत येऊन पुन्हा बाहेर जात होत्या. भाऊही आला, खाली मान घालून. तिने त्याला मोकळ्या हवेत, गोठ्याच्या अगदी दारात, खुर्ची मांडून दिली.

उन्हं कलली तेव्हा रस्त्यावरून तीच मुलगी दोरीला शेळी बांधून येताना दिसली. सोबत तिची आई. सगळ्यांच्या देखत ती फाटक उघडून आत आली. ओरडून ओरडून शेळीचा घसा बसला होता.

"काल माजावर आलीय," मुलगी म्हणाली. "फळवून द्याल का?"

नवरा अंघोळीला निघाला होता, खांद्यावर पंचा. तो तसाच थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने पंचा दोरीवर टाकला आणि थोरल्या बोकडाला सोडायला गेला. वर्षभर रिकामं राहिलेलं अंगण एकदम भरलं. बोकडाने ओठ वर केला, शेळीने शेपूट हलवली, भावाची खुर्ची उलटली, आणि फाटकातल्या बायका तोंडाला हात लावून हसत सुटल्या. मुलगीही हसली. ते हसू पाहून तिच्या आईने डोळे टिपले.

काम होईपर्यंत मुलगी बोकडवालीजवळ ओट्यावर बसली. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तो सापडला की मला परत कोर्टात उभं राहायचंय. आई घाबरते. तुम्ही याल माझ्याबरोबर?"

बोकडवालीने तिचा हात घट्ट धरला. "तू हाक मार. मी येते. पुढच्या बाकावर बसते, तुला दिसेन अशी."

त्या दोघी शेळी घेऊन गेल्यावर लगेच दुसरी शेळी आली, मग तिसरी. बोकडवाला घामाघूम होऊन राबत होता आणि पाठ ताठ झाली होती त्याची. अंधार पडायच्या बेताला शेवटचं गिऱ्हाईक गेलं, तेव्हा तो गोठ्याच्या दारात उभा राहिला, दाढीपासून पायापर्यंत बोकडच झालेला.

म्हातारी आतून ओरडली, "अगं सूनबाई, पाणी निवलं! कधीची सांगतेय!"

"निवू दे," बोकडवाली म्हणाली. तिने साबणाची वडी परत पेटीत ठेवली, ओट्यावर आली आणि त्याच्या खाटेचं एक टोक उचललं.

"अहो, उभे काय राहिलात? दुसरी बाजू धरा. आत घ्यायचीय."